ग्रॉस, नेट, शेअर: 'स्टार वॉर्स'च्या धंद्यामागचा हिशेब

डिस्नीच्या हाती 'स्टार वॉर्स' चित्रपटमालिका बुडाली की तरली, या भांडणात दोन्ही बाजू एकच आकडा पुढे करतात: जगभरचा ग्रॉस, म्हणजे तिकीटविक्रीची एकूण रक्कम. इंदूर तर सेंट्रल इंडिया सर्किटच्या, म्हणजे मध्य भारत या वितरण-प्रदेशाच्या, वितरकांचं गाव. इथे रस्त्याला टॉकीजची नावं पडतात. निदान इथल्या मराठी मंडळींमध्ये तरी हा घोळ व्हायला नको.

२३६ रुपयांचं तिकीट घ्या. १८ टक्के जीएसटीचे ३६ वजा केले की उरतात २००, तो नेट. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातल्या २००९च्या संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी ठरलेला वाटा, म्हणजे शेअर, असा: पहिल्या आठवड्यात नेटचे ५० टक्के वितरकाला, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. म्हणजे त्याच खुर्चीचे वितरकाला आधी १०० मिळतात आणि चौथ्या आठवड्यात ६०. ग्रॉस दोन्ही वेळा २३६च दिसतो. वर महापालिकेचा मनोरंजन कर आला की आणखी कात्री. त्यावरूनच २०१८च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या मल्टिप्लेक्सना टाळं होतं. पॉपकॉर्नचा पैसा मात्र थिएटरचाच, आणि नंतरच्या आठवड्यांत तिकिटाचाही मोठा वाटा त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे थिएटरवाल्याला उशिराच्या आठवड्यात येणारा प्रेक्षक जास्त प्यारा.

परदेशातही मेख हीच. अमेरिकेत स्टुडिओच्या हाती ढोबळ मानाने निम्मं येतं, चीनमध्ये परदेशी चित्रपटाला सुमारे २५ टक्के. २०१५च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाचे २.०७ अब्ज डॉलर वाचताना एवढं ध्यानात ठेवायचं. आपल्याकडे तो आठवडाभर उशिरा, २५ डिसेंबरला लागला, कारण १८ तारखेला दोन मोठे हिंदी चित्रपट होते, त्यातला एक बाजीरावांवरचा. बाजीरावांची समाधी असलेली रावेरखेडी इतकी जवळ असताना इंदूरकरांचा कल कुठे असणार, ते सांगायला नको.

२०१७ साली डिस्नी स्टुडिओने त्या वर्षीच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटासाठी अमेरिकी थिएटरांकडे ६५ टक्के मागितले, शिवाय सर्वांत मोठ्या हॉलमध्ये चार आठवडे. अट मोडली तर आणखी ५ टक्के. एकाच पडद्याच्या गावात प्रेक्षक दुसऱ्या आठवड्यातच संपतो. उरलेले दोन आठवडे रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळ चालवायचा. ही अट हावरटपणाचीच होती. मालिकेतला पुढच्याच वर्षीचा चित्रपट जगभरात जेमतेम ३९ कोटी डॉलरवर थांबला. त्याचा निर्मितीखर्चच २५ कोटींच्या वर होता. ग्रॉसच्या निम्म्यात तो कसा बसणार? डिसेंबर २०१९ नंतर तर पाच वर्षांहून जास्त काळ नवा चित्रपटच आला नाही.

पार्कची गोष्ट १९८७ची. तेव्हा डिस्नीच्या पार्कवाल्यांनी परवाना घेऊन 'स्टार वॉर्स'ची एक राइड बांधली. चित्रपट त्यांच्या मालकीचे नव्हते. मालकी आली २०१२ साली, सुमारे ४.०५ अब्ज डॉलर मोजून. मग कॅलिफोर्नियात (३१ मे २०१९) आणि फ्लोरिडात (२९ ऑगस्ट) डिस्नीच्या पार्कात प्रत्येकी १४ एकरांची 'स्टार वॉर्स' वस्ती उघडली. वादाचा निर्णय इथला: कथेचा काळ नव्या त्रयीचा (२०१५ ते २०१९च्या तीन चित्रपटांचा) धरला, म्हणून ज्या जुन्या पात्रांसाठी बापमाणूस पोराला घेऊन येतो, त्यातली बरीचशी तिथे फिरेनात. चित्रपट फसला तर पुढच्याची पटकथा बदलता येते. दगड-सिमेंटची वस्ती मात्र काही वर्षं आधी आखावी लागते आणि ती तशीच उभी राहते. त्यात उद्घाटनाला मुख्य राइड तयारच नव्हती. ती फ्लोरिडात डिसेंबरात, कॅलिफोर्नियात जानेवारी २०२० मध्ये चालू झाली, आणि मार्चमध्ये कोविडने सगळं बंद. कॅलिफोर्नियात सुरुवातीचे आठवडे आरक्षणाशिवाय प्रवेश नव्हता. गर्दीच्या धास्तीने लोक आलेच नाहीत, आणि मोकळ्या रांगांचे फोटो 'फ्लॉप' म्हणून फिरले.

खरा फटका फ्लोरिडातल्या १०० खोल्यांच्या 'स्टार वॉर्स' हॉटेलचा. दोन रात्री, जोडप्याला सुमारे ४,८०० डॉलर. मार्च २०२२ मध्ये उघडलं, सप्टेंबर २०२३ मध्ये बंद. इमारतीचा जो घसारा (किमतीत होत जाणारी घट) वर्षानुवर्षं थोडा थोडा लिहायचा, तो मग घाईघाईने खर्ची टाकावा लागला.

पार्क, क्रूझ आणि खेळणी-कपड्यांचे परवाने कंपनी एकाच विभागात दाखवते. २०२४च्या आर्थिक वर्षात त्या विभागाचा कामकाजी नफा ९ अब्ज डॉलरच्या वर होता, सगळ्या विभागांच्या मिळून निम्म्याहून जास्त. त्यात पार्कांमधल्या या दोन 'स्टार वॉर्स' वस्त्यांचा वाटा किती, ते वेगळं छापत नाहीत.