‘पथ्य मोडलंस ना?’ हा प्रश्न आला कुठून

शुगरचा रिपोर्ट वाढीव आला की पेशंटला पहिला प्रश्न ठरलेला, काय खाल्लंस? घरचे विचारतात, डॉक्टर विचारतात, आणि पेशंटनं तर त्याआधीच स्वतःला विचारलेला असतो. खरं म्हणजे इन्फेक्शन, अपुरी झोप, टेन्शन, स्टेरॉइडच्या गोळ्या, कशानंही शुगर चढते, पण सगळ्यांची नजर जाते ती ताटाकडेच. मला वाटतं ही सवय त्या काळातून आलीय जेव्हा पथ्य सोडून दुसरं औषधच नव्हतं.

मधुमेह हा आजार तसा फार जुना. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांनी लिहून ठेवलंय, सुश्रुतांनी सडपातळ आणि स्थूल रोगी वेगळेसुद्धा केले होते. लघवीत गोडवा असतो तो साखरेमुळेच, हे 1776 मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सननं दाखवलं. पण कळून उपयोग काय, उपाय काहीच नव्हता.

मग 1870 साली पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि बुशार्दा नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की आपल्या पेशंटच्या लघवीतली साखर कमी झालीय. तो कमी खा, अंगमेहनत करा आणि आपली लघवी आपणच रोज तपासा असं सांगायचा, म्हणजे आजच्या सल्ल्याचा बराचसा भाग तेव्हाच आला होता. पण त्याच्यानंतरच्यांनी त्यातलं ‘कमी खा’ तेवढं उचललं. इटलीतला डॉक्टर कांतानी तर पेशंट चोरून खातील म्हणून त्यांना खोलीत कुलूपबंद ठेवायचा. पेशंट म्हणजे लबाडी करणारच हा संशय तेव्हापासून उपचारातच मुरला.

याचं टोक गाठलं न्यूयॉर्कच्या डॉक्टर फ्रेडरिक अॅलननं. 1910 च्या दशकात त्यानं उपासमारीचा उपचार आणला, लघवीतली साखर नाहीशी होईपर्यंत उपास आणि नंतरही जेमतेम जगण्यापुरतं अन्न. त्याच्याकडे एक 12 वर्षांचा मुलगा होता, दिसत नव्हतं त्याला, अंथरुणाला खिळलेला, तरी लघवीत साखर येतच राहिली. शेवटी कळलं की तो टूथपेस्ट खात होता आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यासाठी ठेवलेले दाणेही. तो मुलगा वाचला नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढे वाचवेना. पण अॅलनला क्रूर म्हणणंही बरोबर नाही, कारण त्याचीच पेशंट एलिझाबेथ ह्यूज अशीच अर्धपोटी तीन वर्षं तग धरून राहिली, ऑगस्ट 1922 मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी टोरांटोला पोचली तेव्हा वजन साधारण 20 किलो, तिथे तिला इन्सुलिन मिळालं आणि ती 1981 पर्यंत जगली.

इन्सुलिनची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, ते शोधणारे बँटिंग, बेस्ट, कॉलिप, मॅक्लिऑड, आणि 11 जानेवारी 1922 ला पहिलं इंजेक्शन घेणारा 14 वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन. त्या पहिल्या इंजेक्शननं फारसा फायदा झालाच नव्हता, कॉलिपनं ते अजून शुद्ध केलं आणि 23 तारखेपासून पुन्हा सुरू केलं तेव्हा खरा फरक दिसला.

लोक जगायला लागले, आणि मग पंधरा-वीस वर्षांनी डोळे, किडन्या, पायाच्या नसा यांचे त्रास समोर आले. बॉस्टनचे मधुमेहाचे डॉक्टर जॉस्लिन म्हणायचे, आहार, इन्सुलिन आणि व्यायाम असे तीन घोडे आहेत, ते आवरायला पेशंटलाच शिकवायला हवं. उलट काही डॉक्टर म्हणायचे एवढ्या शिस्तीनं होतं काय? हा वाद साठ-सत्तर वर्षं मिटला नाही कारण मोजायचं साधनच नव्हतं, लघवीची तपासणी म्हणजे काही तासांपूर्वीची बातमी.

ते साधन, म्हणजे रक्तातली साखर लगेच मोजणारा मीटर, 1970 च्या आसपास आलं, तेही डॉक्टर आणि हॉस्पिटलसाठी. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या इंजिनिअरनं, जो स्वतः टाइप 1 (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) पेशंट होता, डॉक्टर बायकोच्या नावावर मीटर मागवला आणि घरीच दिवसातून अनेकदा रक्त तपासायला लागला. त्याच सुमाराला तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन सापडलं, त्यातूनच पुढे तीन महिन्यांची शुगरची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट आली. ही दोन साधनं हातात आल्यावरच 1441 टाइप 1 पेशंटवरचा डीसीसीटी हा मोठा अभ्यास शक्य झाला आणि 1993 मध्ये वाद संपला, शुगर काटेकोर ठेवली तर डोळ्यांचा त्रास सुरू होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी होतो.

टाइप 2 चा, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना होणाऱ्या प्रकाराचा, मोठा निकाल 1998 मध्ये ब्रिटनमधून आला, यूकेपीडीएस नावाच्या अभ्यासातून, आणि तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. शुगर आटोक्यात ठेवण्याचा फायदा तिथेही दिसला, पण सोबत हेही दिसलं की नेहमीच्या उपचारांवर वर्षं जातात तशी बहुतेकांची शुगर हळूहळू चढतेच, कारण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी थकत जातात. म्हणजे गोळी वाढली, इन्सुलिन सुरू झालं, यात दर वेळी पेशंटची चूक नसते.

आहारही मोकळा होत गेला. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला टाइप 1 च्या पेशंटना जेवणातले कार्ब्स मोजून इन्सुलिनचा डोस स्वतः ठरवायला शिकवलं, म्हणजे इन्सुलिनप्रमाणे जेवण नाही तर जेवणाप्रमाणे इन्सुलिन. आणि 2017 च्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या टाइप 2 पेशंटना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी देऊन वजन उतरवलं, तेव्हा वर्षभरानंतर त्या गटातल्या 46 टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. बुशार्दानं बघितलं होतं तेच, फक्त कुलूप नव्हतं, सोबत सतत आधार देणारी माणसं होती.

मनाची दखल सगळ्यात शेवटी घेतली गेली. 1995 मध्ये, तेही जॉस्लिन यांच्याच बॉस्टनच्या सेंटरमधून, मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रश्नांची एक यादी काढली, मधुमेह सांभाळताना माणसाला काय काय जड जातं ते मोजायला. शुगर किती, वजन किती यातलं काहीच त्यात नाही. त्यातला एक प्रश्न असा आहे की ठरवलेलं पाळलं गेलं नाही तर तुम्हाला अपराधी वाटतं का, किंवा काळजी वाटते का.