काउंट पडला म्हणून घाबरलो, पण थर्मामीटर कुठंय ते कुणालाच माहीत नव्हतं

रात्री साडेनऊला फॅमिली ग्रुपवर मावशीच्या रक्ताच्या रिपोर्टचा फोटो आला, तिची ब्रेस्ट कॅन्सरची गोळी चालू आहे. टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशी, 2300, त्याच्यापुढे खाली जाणारा बाण, त्यातल्या न्यूट्रोफिल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी) 42 टक्के, सगळं ठळक अक्षरात. पुढच्या दहा मिनिटांत ग्रुपवर नुसता धुरळा. काका म्हणाले आजची गोळी देत नाही, एका आत्याने पपईच्या पानांचा रस सुचवला, कुणीतरी किवी आणायला सांगितलं, आणि मावशीचा मुलगा म्हणाला की केमो नाही म्हणून ही गोळी घेतली ना मग केमोसारखंच का होतंय. प्रश्न एकदम बरोबर होता. सकाळी डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, गोळी चालू ठेवा, 22व्या दिवशी परत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. आम्ही सगळे गार!

गोळी म्हणजे पाल्बोसिक्लिब. ज्यांचा ब्रेस्ट कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणारा) आणि हर-टू निगेटिव्ह (हर-टू नावाचं प्रोटीन जास्त नसलेला) असतो आणि हाडात वगैरे पसरलेला असतो त्यांना लेट्रोझोलसारख्या हार्मोन दाबणाऱ्या गोळीसोबत ही देतात. 21 दिवस रोज एक, मग 7 दिवस सुट्टी, असं 28 दिवसांचं चक्र. तेव्हापासून मी या औषधाबद्दल हाताला लागेल ते वाचत गेले, आणि त्या रात्री आम्ही किती चुकीच्या आकड्याला घाबरत होतो ते हळूहळू कळलं.

आधी गोळी करते काय ते बघू. घाटात ट्रक थांबला की क्लीनर उतरून चाकामागे दगड लावतो हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आपल्या पेशीतही असा एक दगड असतो, आरबी नावाचं प्रोटीन. तो लागलेला असतो तोवर पेशी पुढे सरकत नाही, म्हणजे एकाच्या दोन होत नाही. दगड काढणारे दोन क्लीनर आहेत, सीडीके-4 आणि सीडीके-6. सायक्लिन डी नावाचं प्रोटीन येऊन त्यांना जोडलं गेलं की ते कामाला लागतात, दगड सुटतो आणि पेशी विभागायला निघते. हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेनच्या जोरावर हे क्लीनर दिवसरात्र दगड काढत बसतात. पाल्बोसिक्लिब त्यांचे हात बांधून टाकते. पेशीचं हे चक्र कसं चालतं ते यीस्ट आणि समुद्रातल्या सी अर्चिनच्या अंड्यांवर काम करून शोधलं गेलं, त्यासाठी 2001 चं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना मिळालं. गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली 2015 मध्ये. यीस्टपासून मावशीच्या डब्यापर्यंत यायला काही दशकं गेली म्हणायची.

आता काउंट का पडतो? कारण हे क्लीनर फक्त कॅन्सरकडेच नोकरीला नाहीत. आपल्या हाडातला मगज (बोन मॅरो) रोज साधारण शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार करतो, त्या पेशी रक्तात तासांच्या हिशोबाने टिकतात, त्यामुळे कारखाना सतत चालू ठेवावा लागतो, आणि या कारखान्याचा मुख्य क्लीनर आहे सीडीके-6. त्याचेही हात बांधले गेले की उत्पादन मंदावतं आणि रिपोर्टमध्ये बाण खाली जातो.

पण केमोचा फरक इथेच आहे आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. केमोची बरीच औषधं मगजातल्या वाढत्या पेशींचा डीएनए मोडतात, त्या पेशी मरतात, म्हणजे घाटात ट्रकच जळाला, आता नवीन ट्रक येईपर्यंत थांबा. पाल्बोमध्ये ट्रक धडधाकट उभा आहे, फक्त चाकामागचा दगड निघत नाही. लॅबमध्ये मगजातल्या पेशींवर हे औषध टाकून बघितलं तर त्या मेल्या नाहीत, थांबल्या, आणि औषध काढल्यावर परत वाढायला लागल्या. म्हणून तर ती 7 दिवसांची सुट्टी ठेवलीय, कॅन्सरवर मेहेरबानी म्हणून नाही. तेवढ्यात मगज जागा होतो आणि काउंट वर येतो.

2016 मध्ये आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये 444 बायकांना ही गोळी दिली होती, त्यातल्या 66 टक्के जणींचे न्यूट्रोफिल ग्रेड 3 किंवा 4 पर्यंत खाली गेले, म्हणजे 1000 च्याही खाली. तीनातल्या दोघी! पण त्यासोबत ताप आला अशा किती? 2 टक्क्यांपेक्षा कमी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, त्या रात्री मला कुणी एवढंच सांगितलं असतं तर झोप लागली असती.

रिपोर्ट वाचायचा कसा तेही सांगते कारण लॅबवाले बऱ्याचदा एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा नेमका आकडा, वेगळा छापत नाहीत. टोटल काउंट गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के भागिले शंभर. मावशीचे 2300 गुणिले 42 भागिले 100, आले 966. आपण टोटल काउंटकडे बघून घाबरतो, डॉक्टर या 966 कडे बघतात. साधारण हिशोब असा की नवीन चक्र सुरू करायला 1000 किंवा जास्त हवेत, कमी असतील तर आठवडाभर थांबून परत टेस्ट. पहिल्या दोन चक्रांत मध्ये 15व्या दिवशी पण टेस्ट असते, तेव्हा 500 ते 1000 च्या मधे असेल आणि ताप नसेल तर गोळी बंद करत नाहीत, 22व्या दिवशी परत बघतात. 500 च्या खाली गेला तर थांबवतात. मावशी 966, ताप नाही, म्हणून चालू. पुढचं चक्र सुरू करताना 1400 होता. ना पपईचं पान, ना किवी. (पपईच्या पानांचा बोलबाला डेंगीतल्या प्लेटलेटसाठी आहे, इथे प्लेटलेटचा विषयच नव्हता, पण आत्याला कोण सांगणार.) काउंट वाढवायची इंजेक्शनं पण यात सहसा लागत नाहीत, केमोत लागतात तशी.

म्हणजे काउंट पडला तरी बिनधास्त राहायचं का? अजिबात नाही, फक्त घाबरायचा आकडा वेगळा आहे. तो लॅबमध्ये नाही, घरात आहे: 100.4 फॅरनहाइट. न्यूट्रोफिल कमी असताना एवढा ताप आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करायचा, लागेल तर इमर्जन्सीत जायचं आणि तिथे गेल्या गेल्या सांगायचं की पेशंट पाल्बोसिक्लिबवर आहे, काउंट कमी आहे. सकाळपर्यंत बघू, एक क्रोसिन देऊन बघू, हे नाही. आधी थर्मामीटर लावायचा मग गोळीचा विचार, नाहीतर ताप उतरतो आणि आत इन्फेक्शन चालूच राहतं. आणि इथे आमची गंमत, त्या रात्री चौदा माणसं काउंटवर चर्चा करत होती आणि मावशीच्या घरात थर्मामीटरच सापडेना. कोविडच्या वेळचा होता तो, सेल लीक झालेला. दुसऱ्या दिवशी दीडेकशे रुपयांचा नवीन आणला.

बाकीचे त्रास. थकवा येतो आणि तो खरा असतो, आळस नव्हे, हे घरच्यांनी आधी मान्य करावं. तोंड येतं, त्याला मीठ किंवा खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, स्पिरिटवाला माउथवॉश नको, आणि ठेचा काही दिवस लांब. केस विरळ होतात पण सहसा टक्कल पडत नाही. मळमळ थोडीफार. सांधे धरतात, घाम फुटून अंगातून वाफा निघतात, ते बऱ्याचदा सोबतच्या लेट्रोझोलचं काम असतं पण शिव्या पाल्बोला पडतात. एक गोष्ट क्वचित होते पण दुर्लक्ष करायची नाही: नवीन कोरडा खोकला आणि जिना चढताना लागलेली धाप. या जातीच्या औषधांनी फुफ्फुसाला सूज येऊ शकते असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये दिलाय. खोकल्याचं सिरप बदलत बसू नका, सांगा.

आता पपनस. हसू नका, खरंच. पाल्बोसिक्लिबच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ग्रेपफ्रूट खाऊ नका, ते वाचून आपण म्हणतो आपल्याकडे कुठे मिळतं ते. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच पोर, पपनस आणि गोड संत्र्याच्या संकरातून वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसला झालेलं, आणि ज्या द्रव्यांमुळे त्याच्यावर बंदी आहे ती पपनसातही असतात. आतड्यात आणि लिव्हरमध्ये सीवायपी-3ए-4 नावाचं एन्झाइम ही गोळी मोडून काढतं, फळातली द्रव्यं त्या एन्झाइमलाच निकामी करतात, मग गोळी एकच घेतली तरी रक्तात जास्त चढते. हे कळलं तेही अपघाताने. कॅनडात 1989 च्या सुमाराला बीपीच्या गोळीवर आणि दारूवर प्रयोग चालला होता, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस घातला आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा भलतंच जास्त निघालं. तर गणपतीत आणलेलं पपनस घरात असेल तर पेशंटला नको. मोसंबी, नागपुरी संत्री चालतात.

पपनसापेक्षा मोठा धोका मात्र मेडिकलवाल्याच्या काउंटरवर आहे. गजकर्ण झालं की आपल्याकडे इट्राकोनॅझोल चण्या-फुटाण्यासारखं दिलं जातं. ते त्याच एन्झाइमला दाबतं, आणि पाल्बोसोबत घेतलं तर रक्तातलं पाल्बो 87 टक्क्यांनी वाढतं असं मोजलंय. घशासाठी मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन त्याच वाटेवरचं. उलटी दिशा टीबीच्या रिफॅम्पिसिनची, ते एन्झाइम इतकं वाढवतं की पाल्बो 85 टक्क्यांनी कमी होतं, म्हणजे एवढी गोळी घेऊन जवळपास न घेतल्यासारखं. त्यामुळे त्वचेचा डॉक्टर असो, दातांचा असो, आधी स्ट्रिप दाखवायची. काढ्यांचंही तेच, कोविडच्या काळात मुंबईच्या लिव्हर डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेले पेशंट नोंदवलेत, ते इथे कशाला वाढवायचं.

स्ट्रिप दाखवायचं अजून एक कारण. जानेवारी 2023 मध्ये भारतात याचं पेटंट संपलं, आपल्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती धडाधड उतरल्या, ते फार बरं झालं. पण यात कॅप्सूल आणि टॅबलेट असे दोन प्रकार आहेत. कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची, कारण उपाशीपोटी काही जणांच्या पोटातून ती नीट शोषलीच जात नाही. टॅबलेट कशीही चालते. ब्रँड बदलताना कॅप्सूलची टॅबलेट किंवा उलट झालं का ते बघा, मावशी चतुर्थीला उपास करते म्हणून आम्हाला हे नीट विचारावं लागलं. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन नाही घ्यायच्या. उलटी झाली तरी त्या दिवशी परत नाही, उद्या नेहमीच्या वेळेला.

या गोळीच्या दोन बहिणी आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे. अबेमासिक्लिब सीडीके-4 वर जास्त जोर लावते, त्यामुळे काउंट कमी पडतो, म्हणून ती सुट्टी न घेता रोज दोन वेळा देतात, पण तिची मेहेरबानी पोटावर. दहातल्या आठेक जणींना जुलाब होतात, बहुतेक पहिल्याच महिन्यात. पहिली पातळ शी झाली की लगेच लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी), भरपूर पाणी, ओआरएस, आणि डॉक्टरांना कळवायचं, चार वेळा होईपर्यंत वाट बघायची नाही. तिच्यात क्रिएटिनिनही (किडनी कशी चाललीय ते बघायचा रक्तातला आकडा) थोडं वाढतं आणि घरात किडनी गेली म्हणून रडारड होते, पण बहुतेक वेळा किडनी ठणठणीत असते, गोळी फक्त क्रिएटिनिनची लघवीत जायची एक वाट अडवते. परत तेच, आकडा एक सांगतो आणि शरीर दुसरंच. एका पायाला अचानक सूज आली तर मात्र धावायचं, गुठळीची शक्यता असते. दुसरी बहीण रायबोसिक्लिब, तिचं लक्ष हृदयाच्या ठोक्यावर, ती ईसीजीत बदल करू शकते, म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतरही ईसीजी काढतात. उलटीची साधी ऑनडॅनसेट्रॉन किंवा सर्दी-खोकल्याला घेतलेलं अझिथ्रोमायसिन पण ईसीजीत तोच बदल करू शकतं, त्यामुळे स्वतःच्या मनाने नको.

मावशीचं पुढे असं झालं की तिसऱ्या आणि चौथ्या चक्राच्या सुरुवातीला एएनसी 1000 च्या खालीच राहिला, दोन्ही वेळा आठवडा थांबावं लागलं. डॉक्टरांनी 125 मिलिग्रॅमवरून 100 चा डोस केला. काकांचा चेहरा पडला, कमी औषध म्हणजे कमी इलाज. पण ट्रायलमध्ये डोस कमी कराव्या लागलेल्या बायकांचे आकडे नंतर वेगळे काढून बघितले गेलेत, त्यांचा आजार त्यामुळे लवकर वाढला असं दिसलं नाही. डोस कमी करणं हा औषधाच्या आखणीतलाच भाग आहे, 125, 100, 75 अशा तीन पायऱ्या त्यासाठीच काढल्यात. डॉक्टरांनी हे सगळं काकांना शांतपणे समजावलं. मावशीने फक्त एकच विचारलं, मग बिल पण तेवढं कमी येणार का. आमच्या मेडिकलमध्ये फरक निघाला जेमतेम शंभर रुपयांचा, त्यावर ती दोन दिवस कुरकुरत होती.