आटलेला गिझर आणि चार मीटरचा घोळ

आपल्याकडे गिझर म्हणजे न्हाणीघरातली टाकी. न्यूझीलंडच्या रोटोरुआ शहरात मात्र गिझर म्हणजे जमिनीतून थांबून थांबून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं. तिथल्या व्हाकारेवारेवा गावातले माओरी लोक आजही फडक्याच्या पिशवीत मक्याची कणसं घालून गरम कुंडात सोडतात आणि शिजली की बाहेर ओढतात.

या उष्णतेवर सगळ्या शहराचा डोळा होता. घरं, हॉटेलं, पोहण्याचे तलाव अशा सगळ्यांसाठी शेकडो उथळ बोअर मारल्या गेल्या. उपशानं जमिनीखालचा दाब उतरला आणि 1979 मध्ये पापाकुरा नावाचा गिझर थांबला. पाण्याची शिस्तीत मोजणी सुरू झाली ती 1982 मध्ये, म्हणजे रोगी गेल्यावर तीन वर्षांनी नाडी बघायला वैद्य आला!

मोजायचं काय? विहिरीत टेप सोडून पातळी बघितली की झालं, असं वाटतं. थंड पाण्याच्या विहिरीला ते पुरतं. पण गरम पाणी हलकं असतं. 100 अंशांच्या पाण्याचा 100 मीटर उंच स्तंभ साधारण 96 मीटर थंड पाण्याइतकाच दाब देतो. म्हणजे बोअरमधलं पाणी नुसतं निवलं, तरी पातळी चार मीटर खाली दिसू शकते आणि खालचा दाब जिथल्या तिथेच असतो. म्हणून निरीक्षण विहिरीत पातळीबरोबर तापमानही नोंदवावं लागतं. हवेच्या दाबानंही पातळी हलते, तो हिशेब वेगळा.

दुसरा साक्षीदार क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक. खोलवरून येणाऱ्या गरम पाण्यात ते भरपूर असतं, पावसाच्या मुरलेल्या पाण्यात फार कमी. झऱ्यातलं क्लोराइड घटू लागलं, तर दाब उतरल्यामुळे आजूबाजूचं थंड भूजल आत घुसत असल्याचा संशय घ्यायचा.

1986 मध्ये सरकारनं पोहुतू या मोठ्या गिझरपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करण्याचा निर्णय घेतला. रहिवाशांचा कडवा विरोध झाला. हक्काचं गरम पाणी कोण सुखासुखी सोडेल? पण बोअर बंद झाल्यावर निरीक्षण विहिरींतली पातळी एक-दोन मीटरनी वर आली. आधी सांगितलेल्या चार मीटरपुढे हे दोन मीटर किरकोळ वाटतील, पण झरे तेवढ्यावर जागे झाले. 2015 मध्ये पापाकुराही पुन्हा उसळला. मधल्या काळात, 2001 मध्ये, कुइराउ बागेत गरम पाण्याचा आणि चिखलाचा स्फोटही झाला. दाब परतला की तो सोयीच्या जागीच वर येईल, असं नाही.

कोकणातल्या तुरळ, उन्हवरे, वज्रेश्वरीच्या कुंडांवरून भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेपासून मिळणाऱ्या, ऊर्जेचा विषय आपल्याकडेही अधूनमधून निघतो. तिथं समुद्र जवळ, त्यामुळे पाण्यातला खारटपणा खोलवरचा की समुद्राचा, हेच आधी सोडवावं लागेल. आणि पहिली बोअर मारण्याआधी दोन-तीन वर्षं शेजारच्या साध्या विहिरींची पातळी लिहून ठेवायला हवी. मे महिन्यात त्या विहिरी तशाही तळ गाठतात. जुन्या नोंदी नसतील, तर त्याचं खापर उन्हाळ्यावर फोडायचं की बोअरवर, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.