चिंतेवर सीबीटी: सत्रांत नेमकं काय करायचं असतं

लिफ्टसमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं. ‘आत अडकलो तर जीव गुदमरेल’ असं मनात येतं, धडधड आणखी वाढते आणि पावलं जिन्याकडे वळतात. जिन्यात हायसं वाटतं. पण घोळ तिथेच होतो. लिफ्ट टाळली म्हणूनच वाचलो, असं मन धरून बसतं आणि पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. सीबीटी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार), हे चक्र तोडतो.

बहुतेकांना आठवड्याला एक अशी १२ ते १६ सत्रं लागतात. प्रत्येक सत्र ४५ ते ६० मिनिटांचं. खरं काम मात्र दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत होतं.

सुरुवात नोंदवहीने. प्रसंग, मनात आलेला विचार, भीती ० ते १०० पैकी किती, आणि तुम्ही काय केलं, एवढंच. नुसतं ‘टेन्शन आलं’ लिहून हाती काही लागत नाही. ‘लिफ्ट बंद पडेल, श्वास कोंडेल, भीती ८०’ असं लिहिलं, तर तो अंदाज खरा ठरतो का, हे तपासता येतं.

मग भीतीची शिडी. उघड्या दाराच्या लिफ्टमध्ये उभं राहणं (३०), सोबत कुणी असताना एक मजला (४५), एकट्याने एक मजला (६५), गर्दीत वरपर्यंत (९०). खालच्या पायरीवरून सुरुवात करायची आणि तीच पायरी पुन्हा पुन्हा करायची. एकदम ९०वर उडी मारणारे बहुधा अर्ध्यावरून परततात. दुसरी चूक सहज नजरेत येत नाही: फोन मुठीत घट्ट धरणं, मनात आकडे मोजणं. मग सुटकेचं श्रेय फोनला जातं. तो खिशात ठेवा.

पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यात, भीती शरीरातल्या बदलांचीच असते. म्हणून आम्ही उपचारक तुम्हाला मिनिटभर मुद्दाम जोरात श्वास घ्यायला लावून चक्कर, धडधड आणून पाहतो. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. ओसीडीत, म्हणजे नकोसे विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याच्या आजारात, ‘अस्वच्छ’ वाटणाऱ्या वस्तूला हात लावून हात न धुता थांबायचं असतं. ते जड जातं, म्हणून पहिले प्रयत्न आमच्यासमोर करून घेतो.

धडधड, वजन घटणं, हात थरथरणं थायरॉइडमुळेही होतं. तपासणी आधी करून घ्या. चालू औषधं स्वतःहून बंद करू नका. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका, लगेच जवळच्या रुग्णालयात जा.