कर्करोगावरील औषधांचे डीएनएशी बंधन

केमोथेरपीतली काही औषधे थेट पेशीच्या डीएनएलाच जाऊन चिकटतात. ती कुठे, किती घट्ट आणि कशा प्रकारे चिकटतात, याचा हा अभ्यास.

डॉक्सोरुबिसिन हे त्यातले नेहमीचे उदाहरण. त्याच्या रेणूचा सपाट भाग डीएनएच्या दोन लगतच्या बेसजोड्यांमध्ये (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये), गड्डीत पत्ता सरकवावा तसा शिरतो. या प्रकाराला इंटरकॅलेशन म्हणतात. लेनर्ड लर्मन यांनी ही कल्पना १९६१ मध्ये ॲक्रिडीन रंगांच्या अभ्यासातून मांडली. एरवी ०.३४ नॅनोमीटरवर असलेल्या जोड्या तिथे जवळपास दुप्पट दूर जातात, पीळ थोडा उकलतो आणि डीएनएचा रेणू लांबतो. त्यामुळे डीएनएच्या द्रावणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, वाढते. केशनलिकेतून ते उतरायला किती सेकंद लागतात हे मोजणे ही कसोटी जुनाट वाटली तरी भरवशाची आहे.

दुसरी खूण डोळ्यांनाही दिसते. डॉक्सोरुबिसिनचे नारिंगी-लाल द्रावण निळ्या प्रकाशात चमकते. क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात, डीएनए थोडेथोडे घालत गेले की चमक मंदावते, कारण डीएनएत शिरलेल्या औषधाच्या रेणूचे अनुस्फुरण (ही चमक) बरेचसे विझते. त्या उताराच्या आलेखावरून बंधन-स्थिरांक, म्हणजे बंधन किती घट्ट आहे याचा आकडा, काढतात.

सिसप्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधाला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांजवळचे जीवाणू विभागण्याऐवजी नुसते लांबत गेलेले दिसले, तिथून या औषधाची वाट सापडली. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून ते तिथे बरेचसे शाबूत राहते. पेशीत क्लोराइड कमी, तिथे त्याचे क्लोराइड सुटतात आणि प्लॅटिनम ग्वानिन या डीएनएतल्या बेसच्या सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनला धरतो. बहुधा एकाच धाग्यावरचे शेजारचे दोन ग्वानिन बांधले जातात आणि डीएनए तिथे वाकतो. हे बंध सहसंयुज (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचे), सहजी न सुटणारे; म्हणून मोकळे औषध वेगळे काढून डीएनएवर उरलेला प्लॅटिनमच मोजावा लागतो.

नुसत्या घट्टपणावर भाळण्यात फसगत आहे. ट्रान्सप्लॅटिनमध्ये तेच अणू, फक्त मांडणी वेगळी. तेही डीएनएला बांधले जाते, पण शेजारचे दोन ग्वानिन त्याच्या आवाक्यात येत नाहीत आणि औषध म्हणून ते निरुपयोगी ठरले. डॉक्सोरुबिसिनचा मारादेखील मुख्यतः टोपोआयसोमरेज-२ हे डीएनए कापून पुन्हा जोडणारे विकर (एन्झाइम) डीएनए कापलेल्या अवस्थेत अडकवून ठेवण्यातून होतो. क्युव्हेटमध्ये ते विकर नसते. तिथले डीएनए बहुधा वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेले आणि उघडे असते. पेशीत ते हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते.