बोटीच्या इंजिनाला जास्त कॉम्प्रेशन चालतं?

मालवण-तारकर्लीकडे हमखास ऐकू येतं: बोटीच्या इंजिनाला समुद्राचं गार पाणी मिळतं, तेव्हा हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी पेट्रोल-हवेचं मिश्रण किती दाबलं जातं ते, गाडीपेक्षा वाढवलं तरी चालतं. नाही चालत. आपला समुद्र तरी कुठे गार, २८ अंशांच्या आसपास! शिवाय पाणी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा धातूचा सांगाडा, थंड ठेवतं, ज्वलनकक्षातला भडका नाही. हायवेला गाडीचा ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असतो, उतारावर इंजिनाला उसंतही मिळते. पाण्याला उतार कुठला? प्रोपेलर सतत पाणी कापतो, थ्रॉटल, म्हणजे बोटीचा ॲक्सिलरेटर, बराच वेळ उघडा असतो. अशा ताणात कॉम्प्रेशन जास्त असेल, तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपणहून पेटतं. हेच नॉकिंग. गाडीत ती टकटक कानावर येते. लाटांच्या आदळआपटीत कळतच नाही, थेट पिस्टनला भोक पडल्यावर कळतं. पंपावरचं साधं पेट्रोल आणि जुनं कार्ब्युरेटरवालं इंजिन असेल, तर ९:१ च्या (मिश्रण नवव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबण्याच्या) आसपासच थांबा.