सुईणकामाच्या नोंदींचे जतन (बडोदे)

प्रसूतीच्या वेळी आणि नंतर सव्वा महिना बाळ-बाळंतिणीचे सगळे करणाऱ्या सुइणी, तेल-शेक करणाऱ्या बाया व दूध पाजणाऱ्या दाया यांच्या कामाचा पुरावा शोधणे, त्याचा काळ ठरवणे आणि तो टिकवणे. बडोद्यात हा पुरावा प्रामुख्याने गायकवाडी मोडी दप्तरातील खासगीकडील (राजघराण्याच्या) खर्चात, दांडिया बाजार–रावपुरा भागातील मराठी कुटुंबांच्या खर्चवह्यांत, जन्मनोंदींत आणि वृद्ध सुइणींच्या आठवणींत शोधावा लागतो. ‘सुईण’ असे स्वतंत्र सदर क्वचितच असते. काम दिसते ते खर्चाच्या ओळींमधून.

घरगुती वहीत बाळंतपण ओळखण्याची खूण म्हणजे खरेदीचा क्रम. डिंक, खारीक, खोबरे, बाळंतशेपा, ओवा एकदम वाढतात. पाठोपाठ अळीव आणि शेगडीचे कोळसे येतात. पाचवी-सहावीला सटवाईच्या पूजेचे सामान, बाराव्याच्या सुमारास बारशाचे. सुइणीचे लुगडे-खण आणि शिधा याच सुमारास, पण अनेकदा ‘किरकोळ’ किंवा ‘धर्मादाय’ खाली पडतात. दरमहा ठरावीक रक्कम पुढे बरेच महिने चालू राहिली, तर ती सुइणीपेक्षा दूध पाजणाऱ्या दाईची असण्याचा संभव अधिक.

कालनिश्चिती हा सर्वांत नाजूक भाग. मोडी हिशेबांत साल बहुधा सुहूर सनात (मराठेशाहीच्या हिशेबांतील सौर सन), अरबी संख्यानामांनी, एककापासून चढते लिहिलेले असते. ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे 5 + 90 + 100 + 1000, अर्थात 1195. हा सन मृग नक्षत्राला, साधारण जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवावे. 1195 म्हणजे इ. स. 1794–95. दख्खनी फसली (महसुली) सनाचा आकडा याहून 9 ने पुढे, म्हणून तेथे मिळवणी 590 किंवा 591. गुजराती पेढ्यांच्या चिठ्ठ्या कार्तिकी विक्रम संवतात असतात. त्यातून दिवाळीनंतर डिसेंबरअखेर 57, पुढे 56 वजा करावे. सबा (7) व सबैन (70), अर्बा (4) व अर्बैन (40) यांची घसटीत (भरभर लिहिलेल्या अक्षरात) गल्लत होते. त्याहून फसवा ज्येष्ठ महिना: खर्च मृगाच्या अलीकडचा की पलीकडचा, हे न पाहिल्यास बाळाचा जन्म वर्षभर पुढे-मागे सरकतो. ‘छ’ या खुणेपुढील चंद्रतारीख (मुसलमानी महिन्याची) व वार जंत्रीशी (जुन्या तारखांच्या तक्त्याशी) ताडून पाहावेत. एका दिवसाचा फरक चालतो. अधिक पडल्यास सालाचे वाचन चुकले असे समजावे.

बाळंतपणाचे कागद रुमालांतून (दप्तराच्या कापडी गाठोड्यांतून) काढून त्यांचा वेगळा संग्रह करावा, असे एक मत आहे. वाचकाची त्यात सोय होते. पण शेजारच्या ओळी तुटल्या की वरची खूणच नाहीशी होते. रुमाल जागेवर ठेवून विषयसूची करणे अधिक सुरक्षित.

देशभर दाई-शिक्षणाला डफरिन फंड (1885) व व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती निधी (1903) यांनी चालना दिली. मुंबई इलाख्यात सुइणींची नोंदणी 1935 च्या कायद्याने आली. बडोदे संस्थान मात्र 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. इलाख्याच्या नोंदवहीत बडोद्याची सुईण न सापडणे हा ती नव्हती याचा पुरावा धरू नये. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील जन्म-अहवालात प्रसूती कोणी केली याचा रकाना आहे, पण तो सांख्यिकी भागात. तो भाग फाडून वर पाठवला जातो आणि स्थानिक रजिस्टरात फक्त कायदेशीर भाग उरतो.

कागदाच्या दुरुस्तीआधी प्रत्येक शाई तपासावी: अक्षराच्या कडेला पाण्याचा थेंब, वर टिपकागद. काजळीच्या शाईचा डिंक सुटून ती फासते. लोहयुक्त शाई कागद जाळते आणि ओल लागल्यास तिचा डाग पसरतो. फाटीवर जपानी टिश्यू व गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावावी. चिकटपट्टी कधीही नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. तेल-हळदीचे डाग धुऊ नयेत, वही बाळंतिणीच्या खोलीत वापरली गेल्याचा तो पुरावा असू शकतो. विश्वामित्रीच्या पुरात (अलीकडे 2019, 2024) भिजलेल्या वह्यांची पाने ओली असताना सोडवू नयेत. बुरशी साधारण 48 तासांत धरते. तेवढ्यात वाळवणे अशक्य असल्यास वही पॉलिथीनमध्ये गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवावी.

सुइणींच्या मुलाखती 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह स्वरूपात ठेवाव्यात. एमपी3 केवळ ऐकण्यासाठी. नाळ कशाने कापली, वार (अपरा) न पडल्यास काय केले, पहिला चीक पाजला की पिळून टाकला, असे विचारल्यास उत्तर नेमके येते. ‘पूर्वी कसे होते’ याला मोघम. सुईण दुसऱ्या बायकांची नावे आणि दगावलेली मुले सहज सांगून जाते. तिची स्वतःची संमती त्यांना लागू होत नाही, म्हणून ऐकण्याच्या प्रतीतून ती नावे गाळावीत व मूळ प्रत बंद ठेवावी. प्रती तीन, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक पुराच्या पातळीबाहेर.